पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन : ‘नस भलत्याच जागी’ असेल तर आधी कळत नाही का?

तुमच्या आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, लातूरला दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय, आणि शेजारच्यांनी सांगितलं की त्यांच्या पाहुण्यांची ‘नस भलत्याच जागी होती म्हणून कापली गेली’. ती सोनोग्राफीत का दिसत नाही, आणि आईला पुण्याला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी मराठवाड्यातच सर्जन आहे, हे ऑपरेशन नेहमी करतो. सोनोग्राफीत खडे, पिशवीची सूज, मुख्य पित्तनळी फुगली आहे का, एवढं कळतं. शेजारी जिला ‘नस’ म्हणतात ती म्हणजे पिशवीला रक्त पुरवणारी धमनी, दोन-तीन मिलिमीटरची. तिचा रस्ता सोनोग्राफीत कुणी शोधत बसत नाही, आणि तेवढ्यासाठी प्रत्येकाचा सीटीही काढत नाहीत.

कारण ‘भलती जागा’ हा काही चमत्कार नाही. अंबाजोगाईला शिकत होतो तेव्हा पुस्तकातलं चित्र पाठ केलं होतं : यकृताच्या उजव्या धमनीला फाटा फुटतो आणि कॅलोच्या त्रिकोणातून (पिशवीची नळी, यकृताकडून येणारी पित्तनळी आणि यकृताची कड यांच्यामधली जागा) पिशवीकडे जातो. चारांपैकी साधारण तिघांत तसंच असतं. उरलेल्यांत कधी दोन धमन्या, कधी त्रिकोणाबाहेर खालून आलेली, कधी पित्तनळीच्या पुढून आडवी गेलेली. सगळ्यात फसवी म्हणजे यकृताची उजवी धमनीच सुरवंटासारखं कुबड काढून पिशवीला येऊन टेकते. नवख्याला वाटतं हीच पिशवीची. तिला क्लिप (धमनी किंवा नळी बंद करणारा बारीक चिमटा) लागली की यकृताच्या उजव्या भागाला धमनीतून येणारं रक्त तुटलं. (गंमत म्हणजे कॅलो या फ्रेंच सर्जननं १८९१ मध्ये त्रिकोण सांगितला तेव्हा त्याची वरची बाजू पिशवीची धमनीच होती. आता आम्ही तिथे यकृताची कड धरतो. जी स्वतःच जागा बदलते तिला बांध कसं मानायचं?)

शेतात जेसीबी लावताना शेजाऱ्याची पाइपलाइन कुठून गेलीय हे सातबाऱ्यावर सापडत नाही. शहाणा माणूस तिथे आधी कुदळीनं उकरून बघतो. आमचंही तेच. १९९५ मध्ये अमेरिकेतले सर्जन स्ट्रासबर्ग यांनी या उकरण्याला नियमात बसवलं : त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ करा, पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवा, आणि पिशवीत फक्त दोनच गोष्टी शिरताना दिसल्या, एक नळी आणि एक धमनी, तरच क्लिप. तिसरी दिसली की हात थांबला पाहिजे. दोन धमन्या असतील तर पुढची बांधून मागची विसरली जाते, आणि मग पिशवी सोडवताना ती उडते, म्हणजे तुटून रक्त वाहू लागतं.

खरा घात मात्र बहुतेक वेळा त्यानंतर होतो. कॅमेऱ्यात थोडंसं रक्तही पूर आल्यासारखं दिसतं, आणि घाबरून त्या लाल चिखलात क्लिपांवर क्लिपा मारल्या की मुख्य पित्तनळीच त्यांत अडकते. पित्तनळीची इजा हजारात तीन ते पाच जणांना होते, पण झाली तर माणूस वर्षानुवर्षं दवाखान्याच्या चकरा मारतो. अशा वेळी गॉज दाबून दहा मिनिटं उभं राहायचं. माझ्या हातून एकदा मागची धमनी उडाली होती. ती दहा मिनिटं फार लांब गेली. पण रक्त ओसरल्यावर तिचं तोंड नीट दिसलं आणि एका क्लिपमध्ये काम झालं.

पुण्याचं म्हणाल तर नुसत्या गावाच्या नावानं काही बदलत नाही. डॉक्टरसाहेबांना सरळ विचारा, ‘आत गुंता दिसला तर काय कराल?’ ‘पोट उघडू, किंवा पिशवीचा थोडा भाग तसाच ठेवून बाहेर येऊ’, असं न चिडता सांगितलं तर मी माझ्या आईला तिथेच ठेवीन. ‘आमच्याकडे कधीच उघडावं लागत नाही’ म्हणाले तर दुसरीकडे दाखवा.

पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच रात्री दाखल करा.