काटा ६८ दाखवतोय, तरी इगुआनाची कात अडकतेय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीड वर्षाचा हिरवा इगुआना (मोठा पाळीव सरडा), चार फुटी काचेची टाकी, आत चिकटवलेला गोल काट्याचा ह्युमिडिटी मीटर (हवेतला ओलावा मोजणारा) ६८ टक्के दाखवतोय. तरी मागच्या पायाच्या बोटांवर जुनी कात कड्यांसारखी अडकून बसलीय आणि शेपटीचं टोक काळपट व्हायला लागलंय. "ह्युमिडिटी तर बरोबर आहे, मग कॅल्शियम कमी पडतंय का?" असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी जो भेटेल त्याला विचारत होतो. म्हणून कॅल्शियमचं नंतर बघू. आधी तो काट्याचा मीटर टाकीतून काढा.

त्याहून आधी बोटं. मी डॉक्टर नाही, पण काळं पडलेलं टोक उद्यावर टाकू नका. सरपटणारे प्राणी नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा. तोवर कोमट पाण्यात, मनगटाला ना गरम ना गार लागेल अशा, वीसेक मिनिटं बसवा. पाणी पोटापर्यंतच ठेवा. मग मऊ टूथब्रशने बोटांच्या दिशेने हलकेच चोळा. सुटेल तेवढीच कात काढायची, ओढायची नाही. त्या कड्याने बोटाचा रक्तपुरवठा आवळला जातो, आणि ओढलं तर खालची नवी कातडीही सोबत येते.

आता माझं सांगतो. आमचा राघू (हिरवा म्हणून राघू) पुण्यात, तुमच्यासारख्याच टाकीत होता. जानेवारीत रात्री गारठा, म्हणून वर सिरॅमिक हीटर लावला, दिवसा १०० वॉटचा बल्ब. मीटर मागच्या काचेवर चिकटवलेला. रोज सकाळी मी स्प्रे मारायचो आणि पाण्याचे थेंब थेट त्या मीटरवर बसायचे. काटा ७० च्या आसपास, कधी ६५ च्या खाली गेला नाही. अडीच महिने मी तो आकडा वहीत लिहीत होतो. कात अडकायला लागली तेव्हा एका दवाखान्यात नेलं. तिथे टाकीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. "थंडीत होतं असं" म्हणून व्हिटॅमिनचे थेंब दिले आणि खोबरेल तेल लावायला सांगितलं. मी इमानदारीने तीन आठवडे तेल लावलं. तेवढ्यात मागच्या डाव्या पायाची दोन बोटं सुकून गेली, ती काढावी लागली. शेपटीचं चार इंच टोकही गेलं. त्या तीन आठवड्यांचा राग अजून जात नाही. तेलाने कात वरून चकचकीत दिसत होती, त्यामुळे मलाही तो बरा होतोय असंच वाटत राहिलं.

डोळे उघडले ते एका मित्रामुळे. मावळात त्याचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे, हवेतला ओलावा मोजणं हे त्याचं रोजचं काम. घरी आला, टाकीत हात घातला आणि म्हणाला, "अरे, ही तर भट्टी आहे." खिशातून त्याचा डिजिटल मीटर काढून आत ठेवला. वीस मिनिटांनी आकडा आला २८. शेजारीच काटा ६७ वर.

त्यानेच मला मिठाची चाचणी शिकवली. तुम्ही आज रात्रीच करा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एका झिप-पिशवीत घालून नीट बंद करा आणि रात्रभर खोलीत ठेवा. बंद पिशवीत ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटरने ७५ दाखवलं तर ठीक. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवायचे. माझा काट्याचा मीटर त्या पिशवीतही ६७ वरून हलला नव्हता.

दुसरी गोष्ट मला आधी कुणी समजावली असती तर बरं झालं असतं. हवा तापवली की ती कोरडी होते, पाणी कुठेही न जाता. पहाटे खोलीत १५ अंश आणि ६० टक्के असलेली हवा टाकीत ३२ अंशांवर नेली की तीच हवा २१-२२ टक्क्यांची होते. तुमच्या संभाजीनगरच्या मार्च-एप्रिलमध्ये तर बाहेरच्या हवेतच आधी ओलावा नसतो. स्प्रेने हे भरून निघत नाही. अर्ध्या तासात पाणी वरच्या जाळीतून निघून जातं. ओलावा टिकतो तो भरपूर पाण्याच्या पृष्ठभागाने, पानांनी, ओल्या काथ्याने आणि हवा हळू बदलणाऱ्या पेटीने.

म्हणून माझं स्पष्ट मत, काचेची टाकी विकून टाका. तुमचा नर असेल तर शेपटीसकट पाच-सहा फुटांचा होणार, तिथे तसाही मावणार नाही. इगुआना झाडावर राहणारा प्राणी, त्याला उंची हवी. मी सुताराकडून सहा फूट उंच, सहा लांब, तीन खोल असं कपाट करून घेतलं. प्लायवर ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या, साधा प्लाय वर्षभरात फुगतो. आतून सनमायका, सांध्यांना सिलिकॉन, आणि सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, प्राणी आत नाही. पुढून सरकती काच. हवेसाठी समोर खाली एक फट आणि मागे वर एक, दोन्हींना जाळी. सगळं प्लॅस्टिकने सील करायचा मोह होईल, तो आवरा. कोंडलेल्या दमट हवेत बुरशी धरते आणि छाती भरते, ते कातीपेक्षा वाईट.

आत मोठा पाण्याचा टब. तो त्यातच शी करणार, म्हणून पाणी रोज बदला, आणि टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. त्यात साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) असतो, घरात लहान मूल असेल तर हे गंभीरपणे घ्या. तळाला ट्रेमध्ये ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर जाळी, म्हणजे खाल्लं जात नाही. कुंडीतली जास्वंद आत ठेवतो, तो पानं खातो, मग दुसरी कुंडी आलटून आणतो. फांद्या पेरूच्या किंवा जांभळाच्या, त्याच्या अंगाइतक्या जाड. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, विषारी आहे. फवारणीला टायमरवर नोझल, दिवसातून तीनदा मिनिटभर. त्यात आरओचं पिण्याचं पाणी घाला. बोअरच्या पाण्याने नोझल चोंदतात, आणि आरओचं बाहेर टाकलेलं पाणी तर त्याहून जड. शेतातला जुना फवारणी पंप वापरू नका, कितीही धुतला तरी.

दोन डिजिटल मीटर लावा, एक वर बल्बच्या बाजूला, एक खाली सावलीत. आकडा फवारणीच्या आधी बघायचा. सावलीत ७० ते ८० असला की झालं. ऊन घ्यायच्या जागी ३५-३७ अंशांना तो कमी येणारच, तिथे ७५ च्या मागे लागू नका. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये मी फवारणी बंदच ठेवतो आणि कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा वरच्या फटीला लावतो.

पाणी आणि वीज एका पेटीत आहेत, त्यामुळे ३० मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय काही चालू करू नका. वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली पडतो. हीटरला चिनी मातीचा होल्डर, भोवती जाळीचा पिंजरा, आणि थर्मोस्टॅट. तापणारे दगड मिळतात ते घेऊ नका. पोटाखालची उष्णता त्याला वेळेवर कळत नाही, भाजलं तरी बसून राहतो. यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी काचेबाहेर ठेवून उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. हे तुम्हाला माहीत असेलच.

कॅल्शियम राहिलं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, भोपळा द्या, पालक रोजचा नको. पण बोटांवरची कडी कॅल्शियमने सुटत नाहीत. आणि नाकाशी पांढरी पूड दिसली, शिंकला, तर घाबरू नका, इगुआना जास्तीचं मीठ नाकातून टाकतो.

एक विषयाबाहेरचं. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. मी एका कार्यालयात माहिती विचारायला गेलो, तर समोरच्याने फोटो बघून "ही घोरपड आहे, गुन्हा दाखल होईल" म्हणून तासभर बसवून ठेवलं. घोरपड पाळणं गुन्हाच आहे, पण हा तो प्राणी नाही. जाताना खरेदीची पावती आणि शास्त्रीय नावाची प्रिंट सोबत ठेवा. नियम बदलतात, अर्जाआधी स्वतः वाचून घ्या.

नवं कपाट होईपर्यंत टाकीच्या जाळीचा तीन चतुर्थांश भाग प्लॅस्टिकने झाका, बल्बच्या आसपासचा मोकळा ठेवा. सकाळी पिशवीतल्या मीटरवर काय आकडा आला ते इथे लिहा, आणि बोटांचा फोटो टाका. मागच्या पायांचा, खालून.