शोभेचा भुईमूग आगरात लावण्यापूर्वी

प्रश्न (गुहागर तालुका): माझे २० गुंठ्यांचे नारळ-पोफळीचे आगर आहे. पिवळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा शोभेचा भुईमूग सर्वत्र लावावा, म्हणजे तण येत नाही, लावताना युरिया टाकला की लवकर भरतो आणि पुढे नारळाचे खतही बंद करता येते, असे रोपवाटिकेत सांगितले. लावावा का?

उत्तर: पोफळीखाली अजिबात लावू नये. नारळाखाली लावायचाच असेल, तर एका कोपऱ्यात गुंठाभर जागेतच लावावा. मूळची ब्राझीलमधील ही वनस्पती आपल्या भुईमुगाच्याच कुळातली आहे. जांभ्याची आम्लधर्मी माती, भरपूर पाऊस आणि नारळाची विरळ सावली तिला मानवते, पायाखाली तुडवली गेली तरी ती मरत नाही, आणि उतारावरची माती धरून ठेवण्यात तिचा उपयोग होतो, हे सर्व खरे आहे. मात्र एवढे खरे निघाल्यामुळे विक्रेत्याच्या उरलेल्या बोलण्यावरही शेतकरी विश्वास ठेवतो आणि तेथे फसतो.

नारळाचे खत बंद करू नये. या वेलाच्या मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर ती हवेतील नत्र बांधत आहे असे समजावे. परंतु ते नत्र आधी वेलाच्याच पानांत आणि कांड्यांत जाते, आणि पाला कापून आळ्यात कुजवल्याशिवाय नारळाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. पालाश (पोटॅश) तर कोणतीही वेल तयार करत नाही, आणि नारळाला पालाशची गरज मोठी असते. असे ऐकून खत बंद केलेल्या आगरांत खालच्या झावळ्यांच्या कडा पिवळ्या पडून करपलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

युरियाही टाकू नये. आयते नत्र मिळाले की मुळांवर गाठी कमी धरतात, आणि जे लव्हाळा नावाचे तण दाबण्यासाठी आपण हा वेल लावतो, तेच युरियावर माजते. जांभ्याच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून राहते, म्हणून लावताना द्यायचेच असेल, तर शेणखताबरोबर थोडे सुपर फॉस्फेट द्यावे. वाढवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांची या पिकाला काहीही गरज नाही.

पोफळीखाली मनाई करण्याचे कारण असे की, तेथे गळलेले प्रत्येक फळ डोळ्यांना दिसले पाहिजे. कोळे रोगाची, म्हणजे पावसाळ्यातील बुरशीजन्य फळगळीची, फळे गळतात तेव्हा ती रोजच्या रोज वेचून नष्ट करावी लागतात, नाहीतर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी वेळेवर करूनही रोग आटोक्यात राहत नाही. वीतभर जाड हिरव्या गादीत ती फळे लपतात, गोगलगायींना आसरा मिळतो, आणि वेचणाऱ्या बाईमाणसांना न पाहता हात घालावा लागतो. फुरसे हा विषारी साप कोठे दडून बसतो, हे कोकणात कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

खरेदी करताना पान पाहावे. शोभेच्या भुईमुगाच्या एका देठावर चार पर्णिका असतात आणि फूल भुईमुगासारखे असते. सूर्यफुलाच्या लहान आवृत्तीसारखे पिवळे फूल दिसले, तर ते वेडेलिया आहे. तिची गणना जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींत होते, म्हणून ती फुकट मिळाली तरी घरी आणू नये.

लागवडीभोवती दोन हात रुंदीचा पट्टा कायम उघडा ठेवावा, आणि पऱ्या (ओहोळ), पाट व विहिरीच्या काठापासून ती दूर ठेवावी. फेब्रुवारीनंतर नारळाला दिलेल्या पाण्यात हा वेल वाटेकरी होतो, म्हणून आळ्यात त्याला शिरू देऊ नये.

प्रश्न (वेंगुर्ले तालुका): चार वर्षांपूर्वी लावलेला हाच वेल गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) गेला आहे. जुलैमध्ये यंत्राने कापला, तर तो दुप्पट पसरला. दुकानदार ग्लायफोसेट या तणनाशकाची मात्रा दुप्पट करून त्यात पॅराक्वाट हे दुसरे तणनाशक मिसळण्यास सांगतो. काय करावे?

उत्तर: तसे करू नये. मात्रा दुप्पट केल्याने वेल दुप्पट मरत नाही. पाने लवकर करपतात, औषध खाली उतरत नाही, आणि मुळे धरलेल्या पेरांतून व जमिनीतील शेंगांतून वेल पुन्हा फुटतो. पॅराक्वाटच्या विषबाधेवर उतारा नाही, आणि ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. ज्या रेताड आगरात विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते, तेथे हे मिश्रण ओतण्याचा सल्ला देणाऱ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये.

आपली मूळ चूक वेळेची आहे. पावसात कापलेला बोटभर तुकडा उचलून पाहा. त्याच्या प्रत्येक पेराशी पांढरी मुळे फुटलेली दिसतील. यंत्राने असे हजारो तुकडे उडवले आणि पाटाच्या पाण्याने ते शेजाऱ्याकडे पोहोचवले. पावसाळ्यात हा वेल कापू नये, उपटून पऱ्यात तर मुळीच टाकू नये. फेब्रुवारी ते मे या काळात त्या पट्ट्याचे पाणी तोडावे, कुदळीने मुळांसकट खणून काढावा आणि कातळावर कडक उन्हात पूर्ण वाळवावा. हिरवा पाला गुरे आवडीने खातात, त्यामुळे तो वाया जात नाही. पहिल्या पावसानंतर दर पंधरा दिवसांनी फेरी मारून नवे कोंब हाताने काढावेत. एका उन्हाळ्यात काम संपणार नाही, दुसराही द्यावा लागेल.

दोन्ही शेतकऱ्यांना माझा आग्रह तागाचा आहे. त्यालाही पिवळीच फुले येतात, तोही नत्र बांधतो, पण तो पेराला मुळे धरून पसरत नाही आणि आपण गाडला की संपतो. पावसाची सुरुवात होताच नारळाच्या आळ्यात बी फोकावे आणि ४० ते ४५ दिवसांनी, फुले दिसू लागताच, कापून तेथेच मातीआड करावे. गणपतीनंतर सवडीने पाहू म्हणणाऱ्यांचा ताग काष्ठ होतो आणि कुजत नाही. दाट पोफळीच्या सावलीत ताग नीट वाढत नाही. तेथे बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून त्याचा पाला आळ्यात घालावा.

शोभेच्या भुईमुगाला फळबाग योजनेतून अनुदान मिळते, असे कोणी सांगितल्यास पैसे देऊ नयेत. भाऊसाहेब फुंडकर योजनेचे अनुदान नारळासारख्या फळझाडांच्या नव्या लागवडीसाठी, तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे मिळते. अर्जाची चौकशी मंडळ कृषी अधिकारी कार्यालयात करावी. तागाचे बियाणे मात्र मे महिन्यातच आणून ठेवावे, कारण जूनमध्ये दुकानात ते शिल्लक नसते आणि मग त्याऐवजी दुसरेच काहीतरी गळ्यात मारले जाते.