स्ट्रेंग्थ ८०, क्वालिटी शून्य

प्रश्न : मे महिन्यात घर शाकारताना गड्यांनी छपरावरची फ्री डिशची छत्री काढून अंगणात ठेवली. परत बसवली तर टीव्हीवर ‘नो सिग्नल’. बॉक्समध्ये स्ट्रेंग्थ ८० दिसते, क्वालिटी शून्य. मुलगा मोबाइलचं होकायंत्र पाइपला लावून दिशा सांगतो, पण दर वेळी वेगळीच. सासूबाईंची मालिका बुडते आहे. छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, म्हणजे एलएनबी, बदलू का?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, एलएनबीचे पैसे इतक्यात घालवू नका. स्ट्रेंग्थ ८० म्हणजे केबल आणि एलएनबी बहुधा जिवंत आहेत, एवढंच. छत्री आभाळात कुठेही वळवलीत तरी तो आकडा फारसा हलत नाही. दुकानात येणारी निम्मी माणसं त्यालाच भुलतात. बॉक्सला सिग्नल किती नीट वाचता येतो, ते क्वालिटी सांगते. तुम्ही फक्त तीच बघा.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे देवरुखातून आग्नेयेला, जरासा पूर्वेकडे. होकायंत्रावर साधारण १२९ अंश. उंची, म्हणजे क्षितिजापासून वरचा कोन, ६० अंशांच्या किंचित खाली. (नागपूरला दिशा १४४ च्या आसपास येते, उंची मात्र जवळपास हीच.) लोखंडी पाइपाला चिकटवलं की होकायंत्र भरकटणारच. मुलाला पाइप आणि पत्रे यांपासून चार पावलं लांब उभं करा, १२९ वर दूरचं एखादं झाड हेरायला सांगा आणि छत्री त्या झाडाच्या रोखाने फिरवा. तेच झाड माडाचं असेल तर आधी त्याची उंची बघा. छत्रीपासून जितकं लांब, त्याच्या पावणेदोनपटीहून जास्त ते छत्रीच्या वर गेलेलं असेल, तर आडवं येणार.

आता पाइप. गवंड्याचा ओळंबा लावून तो सरळ आहे का बघा. पाइप कलता असेल तर ब्रॅकेटवरच्या अंशांच्या खुणांना काही अर्थ नाही. सरळ असेल तर काटा ६० वर ठेवा. छत्री बरीच उभी दिसेल, घाबरू नका. एलएनबी खालच्या बाजूला असलेल्या या छत्रीचं तोंड दिसतं त्याहून बरीच वर तिची नजर असते. ‘आभाळाकडे बघू दे’ म्हणून ती उताणी करणारे खूप भेटतात.

मग बॉक्सच्या मेनूत फ्रीक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५०० भरा आणि छत्री डावी-उजवीकडे फिरवा. इथेच बहुतेकांचं फसतं. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात आणि माणूस तोवर पुढे सरकलेला असतो. दोन फुटी छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद. म्हणून अंगठ्याएवढं सरकवायचं, थांबायचं, खालून हाक आली की पुन्हा सरकवायचं. एक पूर्ण फेरी कोरडी गेली तर उंची दोन अंश बदलून दुसरी. क्वालिटी आली पण चॅनेल भलतेच दिसले, तर शेजारचा ९५ अंशांवरचा उपग्रह सापडला असेल. छत्री अगदी थोडी दक्षिणेकडे घ्या.

आकडा आला की एलएनबी पकडीत हळूहळू फिरवून तो आणखी वाढतो का बघा. नट एकदम आवळू नका. आवळताना छत्री हमखास सरकते, म्हणून खाली कोणीतरी क्वालिटी वाचत असू द्या. आणि हे सगळं पावसाची उघडीप असताना, कौलं सुकल्यावर.