‘फिनिश’ दाबण्याआधी ती टिक काढा

प्रश्न : शाहूपुरीत आमचं गुळाच्या अडतीचं दुकान आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मीच घातली. सेटअपच्या शेवटच्या पडद्यावर ‘प्रोग्राम सुरू करा’पुढे टिक होती, ती तशीच ठेवून ‘फिनिश’ दाबलं. प्रोग्राम उघडला, पण झेड ड्राइव्ह दिसेना. आमचा सगळा डेटा आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर असतो, तो याच ड्राइव्हवरून उघडतो. प्रोग्राम विचारत होता, नवीन कंपनी तयार करू का? वडिलांच्या तोंडचं पाणीच पळालं. सेटअप पुन्हा चालवला, तरी तेच. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून उघडलं तर सगळं जागच्या जागी. डेटा गेला होता का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, डेटा कुठंही गेला नव्हता. वडिलांना आधी हे सांगा, मग पुढचं वाचा.

सेटअपला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये फाइली लिहायच्या असतात, म्हणून तो सुरुवातीला परवानगी मागतो. तुम्ही ‘येस’ म्हणता आणि तो अॅडमिनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या व्यवस्थापकाच्या, अधिकारात चालू लागतो. शेवटच्या पडद्यावरून तो जो प्रोग्राम उघडतो, त्यालाही बऱ्याचदा तेच अधिकार मिळतात. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, एकाच माणसाचं साधं लॉगिन आणि त्याचंच अॅडमिनचं लॉगिन विंडोज वेगवेगळं धरतं. झेड ड्राइव्ह तुम्ही साध्या लॉगिनमध्ये जोडलेला, त्यामुळं अॅडमिनच्या अधिकारात उघडलेल्या प्रोग्रामला तो दिसत नाही. आयकॉनवरून उघडलात तेव्हा प्रोग्राम साध्या अधिकारात चालला आणि ड्राइव्ह दिसला.

हे फक्त हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नाही. दुकानांतून, कारखान्यांतून सॉफ्टवेअर बसवून देणं हेच माझं काम. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये नवीन घातलेल्या प्रोग्रामच्या खिडकीत फोल्डरमधून ड्रॉइंगची फाइल ओढून टाकली, की कर्सरवर गोल काट मारलेली खूण यायची. त्यांनी माउस बदलून पाहिला. माउस ठणठणीत होता. साध्या अधिकारातल्या फोल्डरमधून अॅडमिनच्या खिडकीत फाइल टाकायला विंडोजच मनाई करतं. प्रोग्राम बंद करून आयकॉनवरून उघडला आणि फाइल आत गेली.

तेव्हा पुढच्या वेळी टिक काढा, ‘फिनिश’ दाबा आणि प्रोग्राम स्टार्ट मेनूतून उघडा. चुकून उघडलाच तर पूर्ण बंद करा. काही प्रोग्राम घड्याळाशेजारी लपून चालूच राहतात, तिथंही बघा. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’वर जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘एलिव्हेटेड’ हा रकाना घ्या. प्रोग्रामपुढे ‘येस’ असेल तर तो अॅडमिनच्या अधिकारात चालू आहे.

सेटअप मात्र पुन्हा पुन्हा चालवू नका. त्यानं हा प्रश्न सुटत नाही. उलट अनेक सेटअप दुसऱ्यांदा ‘मॉडिफाय, रिपेअर, रिमूव्ह’ असं विचारतात. सौद्याच्या गडबडीत भलतीकडेच क्लिक झालं तर नसती आफत.

खरं तर हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच सांभाळायला हवं आणि ते अवघड नाही. सेटअप तयार करण्याच्या इनो सेटअप या साधनात शेवटच्या पडद्यावरचा प्रोग्राम मूळ वापरणाऱ्याच्याच अधिकारात सुरू होतो, तशी सोय आधीपासूनच दिलेली आहे. पण सेटअपच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ केलं, तर ती सोयही लागू पडत नाही, कारण साधे अधिकार सेटअपच्या हाती उरतच नाहीत. आपल्याकडे सॉफ्टवेअर घालणाऱ्या पोरांना ही सवयच लागलेली असते. त्यांना सांगा, नुसतं डबल क्लिक करा, परवानगी लागली तर सेटअप स्वतः मागेल.

आता एकच काम उरलं. त्या दिवशी ‘नवीन कंपनी’ला कुणी हो म्हटलं होतं का, ते विचारा. म्हटलं असेल तर त्या दिवसाच्या पट्ट्या त्याच कॉम्प्युटरवरच्या कोऱ्या कंपनीत जाऊन बसल्या असतील. कागदी पट्ट्या समोर ठेवून त्या मूळ खात्यात चढवा, बेरीज जुळवा, आणि मगच ती कोरी कंपनी काढून टाका.