सुरुंग काढणारी 'बेंगाल' लढली कशी?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाच्या 'एचएमआयएस बेंगाल'ने एका तेलवाहू टँकरला सोबत करताना दोन मोठ्या जपानी जहाजांना तोंड दिले. पण ती तर समुद्रातले सुरुंग काढणारी नौका. मग टँकरच्या सोबतीला कशी? जपानी जहाज तिनेच बुडवले का?

उत्तर : बेंगाल 'बाथर्स्ट' या एकाच आराखड्याच्या नौकांच्या वर्गातली. या वर्गाच्या ६० नौका ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या. त्यांतल्या बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब या चार रॉयल इंडियन नेव्हीच्या. लांबी १८६ फूट, वेग १५ नॉट. सुरुंग काढणे, पाणबुड्या हुडकणे, जहाजांना सोबत करणे ही तिन्ही कामे एकाच नौकेकडून व्हावीत, म्हणूनच हा वर्ग आखला होता. खरी उणीव तोफेची होती. चार इंची तोफेऐवजी बेंगालवर तिच्याहून लहान बारा पौंडी तोफ बसवलेली होती.

११ नोव्हेंबर १९४२ला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला डच टँकर 'ओंडिना'सोबत असताना 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' ही जपानी जहाजे समोर आली. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी, १४ सेंटिमीटरच्या तोफांची. बेंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी टँकरला निसटायला सांगितले आणि बेंगाल सरळ होकोकू मारूवर घातली. होकोकू मारूच्या टॉर्पेडो नळ्यांपाशी गोळा लागला, आग पसरली, स्फोट होऊन ती बुडाली. तो गोळा कोणाचा, यावर वाद आहे. ओंडिनाच्या मागच्या बाजूला चार इंची तोफ होती, त्यामुळे आम्हाला तिचाच दावा बळकट वाटतो. पण बेंगालने शत्रूचा मारा अंगावर घेतला नसता, तर टँकरला नेम धरायला उसंत मिळाली नसती. ओंडिनाला पुढे टॉर्पेडो लागले. टाक्या रिकाम्या होत्या म्हणून ती तरंगत राहिली आणि ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला परतली. ओंडिना बुडाली असे समजून बेंगाल दिएगो गार्सिया बेटाला गेली.

प्रश्न : अशा नौका सुरुंग काढत कशा?

उत्तर : नांगरलेला सुरुंग तळाशी दोरखंडाने बांधलेला असतो आणि पाण्याखाली तरंगतो. त्यासाठी नौकेच्या मागून करवती पीळ असलेली पोलादी तार सोडत. तारेच्या टोकाला तरंगता फ्लोट असे आणि त्याच्याखाली तार बाजूला खेचणारा 'ऑटर' नावाचा सांगाडा. नौकेजवळचा 'काइट' नावाचा तसाच सांगाडा तारेला खाली दाबून धरी. तार सुरुंगाच्या दोरखंडावर घासत जाऊन, किंवा तारेवरच्या कात्रीत सापडून, दोरखंड तुटे. सुरुंग वर येई आणि रायफलीच्या गोळ्यांनी बुडवत. वेग कमी झाला की तारेसह हा सगळा साज खाली बसतो, तळाच्या खडकात किंवा बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकतो. वळताना आतल्या बाजूची तार ढिली पडते, म्हणून वळण मोठे घ्यायचे. दोरखंड न तुटता सुरुंग तारेसोबत ओढला गेला, तर तार गुंडाळताना तो थेट मागच्या डेकपाशी येतो. म्हणून गुंडाळताना पाण्यावरची नजर हलवायची नाही. बाकीच्या नौका पुढच्या नौकेने साफ केलेल्या पट्ट्यातून तिरक्या रांगेत चालत. सगळ्यात पुढची मात्र न तपासलेल्या पाण्यात.

तळाशी पडून राहणाऱ्या चुंबकीय सुरुंगाला दोरखंडच नसतो, तिथे ही तार निरुपयोगी. त्यासाठी तरंगत्या केबली ओढून त्यांतून विजेचे झटके सोडत. त्याने तयार झालेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे सुरुंग नौकेपासून दूरच फुटे.