इस्टेटीतल्या कामगाराचं घर बघायला जाताय? मग एवढं करा

इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांनी आपल्या इस्टेटीवरच्या कामगारांसाठी बांधलेली जुनी घरं बघायला पहिल्यांदाच जाताय, तर छपराच्या कडेच्या कोरीव लाकडी झालरी आणि उंच चिमण्यांवर लगेच भाळू नका. आधी दर्शनी भिंतीवरची पाटी शोधा. बेडफर्डच्या ड्यूकच्या इस्टेटीत घरांवर ‘बी’ अक्षर आणि साल असतं. घर कुणी, कधी बांधलं ते तिथेच कळतं.

मग वीट नीट बघा. एकाच थरात विटेची लांब बाजू आणि टोक आलटूनपालटून दिसत असेल, तर भिंत बहुधा 9 इंची, आत पोकळी नसलेली. ती चुन्यात बांधलेली असते. पावसाची ओल ती शोषते आणि चुन्याच्या दरजांतून हळूहळू बाहेर सोडते. नंतर कुणी त्या दरजा सिमेंटने भरल्या, की ओल आत कोंडते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. अशी सोललेली भिंत पाहिली की मला अजूनही वाईट वाटतं. कुणी दुरुस्तीबद्दल विचारलं, तर चुनाच सांगा.

आत गेलात की झोपायच्या खोल्या मोजा. लंडनच्या 1851च्या मोठ्या प्रदर्शनासाठी राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टने वास्तुरचनाकार हेन्री रॉबर्ट्सकडून कामगारांसाठी जी नमुना घरं बांधून घेतली, त्यांत आईवडील, मुलगे आणि मुली यांच्यासाठी 3 वेगळ्या खोल्या होत्या. मला वेगळ्या खोल्यांचा हा बदल सगळ्या नक्षीपेक्षा मोठा वाटतो.

डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या मोठ्या वाड्याजवळचं एडन्सर हे इस्टेटीचं गाव मात्र नंतर बघा. तिथलं प्रत्येक घर वेगळ्या शैलीचं. नवखा माणूस गोंधळतो. आणि परसदारी जायला विसरू नका, कपडे धुण्याची जागा तिथेच सापडेल.