तो तुझा कोण होता?

प्रश्न : ताई, मी उत्तर नागपुरात राहतो, ऑटो चालवतो. माझ्या जिवलग दोस्ताला आमच्याच वस्तीत, पानठेल्यासमोर चाकूनं मारलं. वाद उधारीचा होता, तोही त्याचा नाही, त्याच्या लहान भावाचा. हा सोडवायला गेला. माझ्याच ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पेपरात ‘पूर्ववैमनस्यातून खून’ एवढंच आलं. आता लोक म्हणतात, ‘काहीतरी केलंच असन त्यानं.’ पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, बदल्याचे स्टेटस टाकतात. मला म्हणतात, ‘तू तर त्याचा खास, तू गप्प काऊन बे?’ बायको म्हणते, ‘तो काय तुमचा सख्खा भाऊ होता काय? धंद्यावर जा.’ धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दोघं दीक्षाभूमीवर पाणी वाटायचो. पुण्यानुमोदनाला मात्र मी मागं, चपलांजवळ बसलो. पुढं बसायला मी कोण? सीट कितीदा धुतली, तरी ऑटोत बसवत नाही. काय करू?
— एक वाचक

उत्तर : भाऊ, सरकारी दवाखान्यात समाजसेविका म्हणून माझी नोकरी झाली. शवविच्छेदनगृहाबाहेर रात्रभर कोण उभं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. पोलिसांना नाव-पत्ता सांगणारा, चादर आणणारा, शववाहिनीवाल्याशी भाव करणारा बहुतेक वेळा दोस्तच असतो. मग फॉर्म येतो, त्यात ‘मृताशी नाते’ असा रकाना असतो आणि पेन थांबतो. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मध्ये नेमकं याच दुःखावर लिहिलं : जे दुःख आजूबाजूचे लोक दुःख म्हणून धरतच नाहीत, ते जास्त काळ आत कोंडून राहतं. तुम्ही चपलांजवळ बसलात, पण त्याला शेवटचं उचललं तुम्ही. त्याच्या आईला जाऊन भेटा. तो शेवटचा रस्ता कसा गेला, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. ऐकायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

बायकोवर रागावू नका. घरात पैसा येत नाही आणि नवरा त्या पोरांत ओढला जाईल, ही भीती तिच्या बोलण्यात आहे. सीटचं म्हणाल तर धुण्यानं भागणार नाही, रेक्झिनच बदलून घ्या. सुरुवातीला दिवसाउजेडी, दुसऱ्या रूटवर चालवा. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 वर फोन करा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. मराठीतूनही बोलता येतं.

आता पोरांचं. ती 2004 चा दाखला देत असतील. आपल्या शहरात तो द्यायला कोणी विसरत नाही. 13 ऑगस्टला कस्तुरबानगरच्या गुंडाला जमावानं जिल्हा न्यायालयातच मारलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षं तक्रारी करून थकल्या होत्या, हे कमी जण सांगतात. आणि पुढं आरोपी म्हणून उभे राहिलेले वस्तीतले लोक सुटले ते 2014 मध्ये. दहा वर्षं तारखा! तुमच्या पोरांपैकी एकाच्या तरी घरी दहा वर्षं तारखांना जाण्याइतकी ऐपत आहे काय? उधारीच्या वादात एक गेला. बदल्यात दुसरा गेला की त्या घरातला लहान भाऊ तुमच्या चौकात येणार. स्पष्टच सांगते, फ्लेक्सवर स्वतःचे फोटो छापून घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यातला जामिनाला कोण उभा राहील, ते विचारून बघा.

‘गप्प काऊन’ याला तुमच्याकडे उत्तर आहे. वार होताना तुम्ही पाहिलं असेल, किंवा ऑटोत तो काही बोलला असेल, तर तुम्ही साक्षीदार आहात. तपास अधिकाऱ्याला सांगून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदवायची विनंती करा. भांडण भावाच्या उधारीचं होतं, हा सोडवायला गेला होता, हे त्या जबाबात येऊ द्या. पेपरातल्या ओळीला तेच खरं उत्तर आहे. धमकी आली तर ती अंगावर काढू नका. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे सरकारी वकिलामार्फत अर्ज जातो, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, आणि गरजेप्रमाणे घराजवळ गस्त लावण्यापासून ओळख लपवण्यापर्यंत सोय होते. कागदावरची योजना आहे, पाठपुरावा लागतोच. म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आणखी एक काम आहे, ते फ्लेक्सवाले करणार नाहीत. त्याच्या आईचा भरपाईचा अर्ज. पीडितांना भरपाईची तरतूद त्याच संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. कमावता मुलगा गेला असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. एफआयआरची प्रत, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. वकील हवा असेल तर तोही तिथं फुकट मिळतो; बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांना लिहिता येत नसेल तर अर्ज तुम्ही लिहा, अंगठा त्या देतील.